आठ टाके बोटांखाली

कोल रन, पेनसिल्व्हेनिया
९ जून २००३

प्रिय लाईल,

तू पाठवलेलं कात्रण मिळालं. 'संघासाठी ग्रेडीनं पगार सोडला' हा मथळा मी दोनदा वाचला आणि मग पेन्सिल घेतली.

तुमच्या संघात चेंडू फेकणाऱ्या ग्रेडी स्टॅनफिलचा यंदाचा पगार नव्वद लाख डॉलर. त्यातले ऐंशी लाख आता पगार म्हणून द्यायचे नाहीत, नव्या करारावर सही केल्याचं बक्षीस म्हणून द्यायचे, म्हणजे एकरकमी चेक. तो एव्हाना बँकेत गेलाही असेल. फुटबॉल लीगच्या हिशेबात मात्र हे ऐंशी लाख चार वर्षांत वीस-वीस लाख असे वाटून धरतात. उरलेले दहा आणि हे वीस मिळून यंदा त्याच्या नावावर पडले फक्त तीस. सगळ्यांच्या पगारांवरच्या साडेसात कोटींच्या मर्यादेत संघाला साठ लाखांची मोकळी जागा मिळाली. ग्रेडीनं सोडलं काय? एक सेंटही नाही. सप्टेंबरपासून हप्त्याहप्त्यानं मिळायचं ते जूनमध्येच हातात पडलं. आणि पुढची तीन वर्षं हे वीस-वीस लाख संघाच्या मानेवर बसणार, तेव्हा जागा करायला कुणाला काढतील? त्याला तर नक्कीच नाही.

मी सोळाव्या वर्षी शाळा सोडली. तरी लीग आणि खेळाडूंच्या युनियनमधला करार काउंटीच्या वाचनालयातून आणून तीनदा वाचलाय. तुमच्या लेकपोर्टच्या बातमीदारांपैकी कुणी एकदा तरी वाचला असेल असं दिसत नाही.

हे सगळं लिहायचं कारण वेगळं आहे. आता ते तुझ्याकडे येतील. ग्रेडीनं सोडलं, मग तू का नाही, असं विचारतील. तुझे अठरा लाख साडेसातवर आणायला बघतील, कारण दहाहून जास्त वर्षं खेळलेल्याला त्याहून कमी देता येत नाही. तू सोडशील ते मात्र खरंच सुटेल. सही करू नकोस.

अजून एक. मागच्या हंगामाच्या टेपा मी स्टॉपवॉच लावून पुन्हा पाहिल्या. तुझ्या हातून चेंडू सुटल्यापासून ग्रेडी फेकेपर्यंत आधी सरासरी २.६ सेकंद लागायचे. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगनंतर २.९. साच्याच्या कामात एवढा फरक पडला तर मी माणसाला घरी पाठवतो. इथे त्याला नव्वद लाख देतात. त्यानं नाताळात, त्याच्यापुढे ओळीत उभे राहणाऱ्या तुम्हा पाचजणांना दिलेलं ते घड्याळही दिवसाला चार सेकंद मागे पडतं. तू माझ्याकडे ठेवून गेलास म्हणून मोजलं.

आणि तुझं अक्षर काय झालंय? पाकिटावरचा पत्ता पोस्टमास्तरीणबाईंनी मला वाचायला लावला.

तुझा भाऊ,
वेंडेल


लेकपोर्ट
१७ जून

प्रिय वेंडेल,

हे पत्र जोनी लिहितेय, मी सांगतोय. गाडीच्या दारात अंगठा सापडला, काळजीचं काही नाही. बायकोचं अक्षर तुझ्या पोस्टमास्तरीणबाईंना आवडेल. (अंगठ्याचं मला आजच कळलं. पण सांगतोय ते लिहिते. जोनी.)

तुझे आकडे बरोबर असतील. ते नेहमीच असतात. पण तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशी मी सही करून आलो. साडेसात लाख. ऑफिसात दहा मिनिटं लागली. कॉफी विचारली, मी नको म्हटलं.

ओरडू नकोस. चौतिसावं चालू आहे. सकाळी जिना उतरताना कठड्याला धरून उतरतो. मला अजून एक हंगाम हवाय, एकच. तो मिळाला की मी स्वतः दार लावून बाहेर पडेन. कुणी ढकलून काढायला नको, एवढंच.

गुरुवारी नेहमीप्रमाणे आम्ही ओळीतले पाचजण जेवायला गेलो होतो. बिल ग्रेडीच देतो, हे तुला ठाऊक आहे. लेमालूनं बरगड्यांची दुसरी प्लेट मागवली आणि म्हणाला, "आज बिनधास्त खा रे, आपल्या दानशूराकडे फक्त तीस लाख उरलेत." सगळे हसले, ग्रेडीसुद्धा. शुक्रवारी सकाळी लेमालूला काढलं. सहा वर्षं माझ्या उजव्या खांद्याला खांदा लावून उभा राहिलेला माणूस. त्यानं कपाटातलं सामान कचऱ्याच्या काळ्या पिशवीत भरलं, तीच पिशवी सगळे वापरतात, आणि माझ्या डोक्यावर टप्पल मारून गेला.

ग्रेडीवर राग धरू नकोस. तो माझ्या लेकीचा, टेसचा धर्मपिता आहे. ही वाटणी त्यानं आखलेली नाही.

जोनीचा हात दुखतोय म्हणते.

लाईल


कोल रन
२४ जून

प्रिय लाईल,

तुझं पत्र मी कामावर नेलं आणि जेवणाच्या सुट्टीत पुन्हा वाचलं. सँडविच तसंच राहिलं.

तू थकलायस, हे कळतं. मीही थकलोय. तीस वर्षं मी जे साचे बनवतो त्यांतून निघालेले गाड्यांचे दरवाजे रस्त्यावर धावतात आणि त्यांवर नाव दुसऱ्याचं असतं. त्याची मला तक्रार नाही. पण मापात खोट असली की मला गप्प बसता येत नाही.

साठ लाखांची जागा झाली होती, तर लेमालूला का काढलं? मी शोधलं. ते साठ लाख नव्या बचावपटूला गेले. म्हणजे ग्रेडीनं काही न सोडता त्याचा पुतळा उभा राहिला आणि त्याच आठवड्यात तू साडेदहा लाख सोडलेस, लेमालूनं सगळंच सोडलं. तुमच्याबद्दल वर्तमानपत्रात एक ओळ नाही. एका माणसाला पोळीतला एवढा मोठा तुकडा दिला की संघातले बाकीचे बावन्नजण चुऱ्यावर भांडणार. शिवाय चुरा सोडणाऱ्यालाच टाळ्या वाजवायला लावणार.

तू नऊ वर्षांचा होतास तेव्हा गॅरेजच्या मागे टायर टांगून मी तुला चेंडू द्यायला शिकवलं. पायांमधून मागे देताना मनगट पाव वळसा फिरवायचं, म्हणजे चेंडूवरचे आठ टाके, ज्यांवर फेकताना पकड बसते, घेणाऱ्याच्या बोटांखाली आपोआप येतात, त्याला शोधावे लागत नाहीत. मला कुणी शिकवलं नव्हतं. मी खडू लावून, बोटांचे ठसे बघून ते काढलं होतं. त्या पाव वळशावर ग्रेडी स्टॅनफिलनं अकरा वर्षं नाव कमावलं. हे कुणीतरी लिहायला हवं.

मी लेकपोर्टच्या वर्तमानपत्राला पत्र लिहितोय. शिव्या नाहीत, फक्त आकडे.

अंगठ्याला बर्फ लाव. गाडीच्या दारात सापडला असेल तर एव्हाना नख काळं पडलं असेल. पडलं का?

वेंडेल


लेकपोर्ट
१ जुलै

वेंडेल,

ते पत्र पाठवू नकोस.

कारण विचारू नकोस. विचारशीलच, म्हणून अर्धं सांगतो. सात सप्टेंबरला, पहिल्या सामन्याच्या दिवशी, मी यादीत असलो तर करारानुसार वर्षभराचा पगार पक्का होतो, मग काढलं तरी मिळतो. तू तीनदा वाचलायस, तुला कलमाचा नंबरही पाठ असेल. तोवर आमच्या ओळीकडे कुणी वळून बघू नये, एवढंच मला हवंय. सामन्यात अकरा वर्षं माझ्याकडे कुणी बघितलं नाही, अजून दोन महिने नाही बघितलं तर काय बिघडलं?

एकदा तरी माझं ऐक.

लाईल

(वेंडेल, खरंच पाठवू नका. जोनी.)


कोल रन
५ जुलै

प्रिय लाईल,

तुझं पत्र काल सुट्टी म्हणून आज मिळालं. माझं पत्र चोवीस तारखेला, तुझ्या पत्राबरोबर एकाच पेटीत पडलं होतं. मी आज वर्तमानपत्राच्या ऑफिसला फोन केला. तिथल्या मुलीनं सांगितलं की संपादकांना ते फार आवडलंय, सराव सामने सुरू झाले की छापतील. मागे घेता येईल का विचारलं, तर म्हणाली, "का, आकडे चुकलेत का?" मी म्हटलं, आकडे चुकलेले नाहीत.

खोटं कसं बोलणार?

तुझं नाव कुठेही घातलेलं नाही. फक्त 'चेंडू मागे देणारा संघाचा अनुभवी सेंटर' असं लिहिलंय. आणि शेवटी स्टॉपवॉचचं. २.६ आणि २.९. तेवढं खटकत असेल तर माफ कर, पण मोजलेलं आहे.

कलम मला ठाऊक आहे. त्याचा या पत्राशी काय संबंध, ते कळलं नाही. तू काहीतरी सांगत नाहीयेस.

वेंडेल


लेकपोर्ट
२१ ऑगस्ट

प्रिय वेंडेल,

सात आठवडे लिहिलं नाही. तुझी तीन पत्रं आली, ती फ्रिजवर आहेत. आज गुरुवार. जेवायला गेलो नाही. जोनी समोर पेन घेऊन बसलीय.

तुझं पत्र नऊ तारखेला छापून आलं. अर्ध्याहून कमी ठेवलं होतं. कराराचं सगळं कापलं, वाटणीचं कापलं, लेमालूचं कापलं. ठेवलं एवढंच, की ग्रेडीनं एक सेंटही सोडला नाही, आणि तो आता ०.३ सेकंद उशिरा फेकतो. मथळा होता 'नव्वद लाखांत उशीर'.

शनिवारी सामन्याला वरच्या मजल्यावरून लोकांनी पत्र्याची घड्याळं हलवली. ग्रेडी मागे सरकला की पूर्ण स्टेडियम मोठ्यानं मोजायचं, एक, दोन, तीन. अकरा वर्षं त्याच्या नावाचा शर्ट घालून येणारी माणसं. आम्ही ओळीत वाकलेले असतो तेव्हा मागचा माणूस दिसत नाही. पण त्याचा श्वास ऐकू येतो. मी तो ऐकत होतो.

सामन्यानंतर बातमीदारांनी त्याला विचारलं, उशीर का होतो? तो म्हणाला, वय झालं. पगाराचं विचारलं. म्हणाला, पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांचा हिशेब बरोबर आहे. आणि उठून गेला.

आता ऐक. तुला अर्धं सांगितलं होतं, उरलेलं हे.

अंगठ्याला काही झालेलं नाही. मागच्या नोव्हेंबरात डेन्व्हरविरुद्ध मान दबली, आणि तेव्हापासून उजव्या हाताची तीन बोटं माझी नाहीत. चहाचा कप गरम आहे की गार, ते डाव्या हातानं बघतो. चेंडू धरतो, पण टाके कुठे आहेत ते कळत नाही. पाव वळसा फिरवतो, पण कुठून पाव, ते कळत नाही. डॉक्टरला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याच दिवशी घरी.

ग्रेडीला चौथ्या चेंडूला कळलं. सामन्यानंतर त्यानं विचारलं, "तुझे टाके कुठे जातात रे हल्ली?" मी म्हटलं, थंडी आहे. पुढचा सामना दक्षिणेत होता, छपराखाली, वारा नाही, थंडी नाही. चेंडू तसाच गेला. त्यानं पुन्हा विचारलं नाही. त्या दिवसापासून चेंडू उलटा आला की तो मागे सरकता सरकता हातात फिरवून टाके शोधतो, मग फेकतो. ते तुझे ०.३ सेकंद, वेंडेल. ते त्याचे नव्हते, माझे होते.

मे महिन्यात क्लब मला काढणार होता, अठरा लाख वाचवायला. तेव्हा ग्रेडीनं ऑफिसात जाऊन सांगितलं की तुम्हाला हवा तसा करार फिरवा, पण सात सप्टेंबरला लाईल होर्वाथ यादीत असेल. त्यानं काही गमावलं नाही, हे तुझं खरं. पण त्या सहीच्या बदल्यात त्यानं जे मागितलं ते स्वतःसाठी नव्हतं. क्लबनं ते कबूल केलं, मला साडेसातवर आणलं, आणि ओळीवर किती खर्च करायचा ते ठरलेलं असल्यामुळे लेमालू गेला. म्हणजे मी राहिलो म्हणून तो गेला. हे मला त्याच शुक्रवारी कळलं, त्यानं टप्पल मारली तेव्हा. त्याला माहीत होतं की नाही, ते अजून कळलेलं नाही.

सोमवारी कपडे बदलताना मी ग्रेडीला म्हटलं, सांगून का टाकत नाहीस? तो मोजे घालत होता. म्हणाला, "काय सांगू? माझा सेंटर आंधळ्या हातानं चेंडू देतो, असं? तीन आठवडे राहिलेत. मोजू देत त्यांना."

मला रात्री झोप येते, खोटं नाही सांगत. पण मंगळवारी टेसनं विचारलं, ग्रेडीकाकाला लोक का मोजतात? 

काल मी डॉक्टरकडे गेलो आणि हात टेबलावर ठेवला. त्यांनी तीन बोटांना सुई टोचली. मी खिडकीबाहेर बघत होतो आणि टोचून झालं हे मला त्यांनी सांगितल्यावर कळलं. मानेचे दोन मणके दबलेत. उद्या मला काढतील. इजेची भरपाई म्हणून काही मिळेल, किती ते वकील भांडून ठरवतील.

ग्रेडी भडकला. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर ओरडला, की सतरा दिवस तुला थांबता आलं नाही? मग बाकावर बसला.

मी तुझ्यावर चिडलेलो नाही. चिडायला जी ताकद लागते ती नाही. तू चुकीचं काही लिहिलं नाहीस. तुला माहीत नव्हतं, कारण मी सांगितलं नाही.

खालची सही माझी आहे. एवढंच जमतं.

लाईल


कोल रन
२ सप्टेंबर

प्रिय लाईल,

कालची कामगार दिनाची सुट्टी मी तळघरात काढली. नोव्हेंबरपासूनचे सहा सामने एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिले. ग्रेडीनं २०३ वेळा मागे सरकून फेकलं. त्यांतल्या १७१ वेळा चेंडू उलटा आला होता. १७१ वेळा त्यानं तो फिरवला. बोटं हलताना दिसतात. एका फिरवण्याला आठ ते नऊ फ्रेम लागतात, आणि तीस फ्रेमचा एक सेकंद.

या टेपा मी आधी चारदा पाहिल्या होत्या. मला स्टॉपवॉच दिसत होतं. तुझा हात, ज्याला मी खडू लावून शिकवलं, तो दिसला नाही. पाकिटावरचं अक्षर दिसलं तेव्हा मी पोस्टमास्तरीणबाईंचा विनोद केला.

तुला काढल्याची बातमी सहाव्या पानावर चार ओळींत होती. तुझे साडेसात लाख मोकळे झाले, ते चेंडू लाथेनं मारणाऱ्या एका नव्या माणसाला गेले. लेमालूला परत बोलावतील असं मला वाटलं होतं. मी त्याला फोन केला. तो टाकोमाला मेव्हण्याबरोबर घरांची छपरं घालतो. म्हणाला, "म्हाताऱ्या, छपरावर पण एक कडेला उभा राहून बोट दाखवतो आणि बाकीचे चढतात." तुझ्याबद्दल विचारलं. मे महिन्यातलं त्याला सगळं आधीपासून माहीत होतं. तुला सांगायला सांगितलंय की टप्पल त्यासाठीच होती, आणि अजून एक बाकी आहे.

वाटणी चुकीची आहे, हे मी अजूनही म्हणतो. त्यात ग्रेडी कुठे बसतो, ते मात्र मला मोजता आलं नव्हतं. मी वर्तमानपत्राला दुसरं पत्र लिहिलं. त्यांनी कळवलं की विषय जुना झाला. म्हणून ते ग्रेडीलाच पाठवलंय, तक्त्यासकट.

शुक्रवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये मासे तळतात. जोनीला आणि टेसला घेऊन ये. गाडी जोनीनं चालवावी.

वेंडेल


लेकपोर्ट
२३ सप्टेंबर

श्री. होर्वाथ,

तुमची अकरा पानं मिळाली. तक्ता मी संघाच्या चित्रफिती बघणाऱ्या माणसाला तपासायला दिला. त्याच्या मोजणीत १७० आले, मग त्यानं पुन्हा मोजलं आणि तुमचे १७१ बरोबर निघाले.

माफी मागायची गरज नव्हती. वर्तमानपत्रातलं पत्रही बरोबर होतं. मी काही सोडलं नव्हतं. लाईल राहावा असं मी सांगितलं, तेव्हा त्याच्या जागी कोण जाईल हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. ते तुमच्या पत्रात नव्हतं. असायला हवं होतं.

घड्याळ परत पाठवा, दुरुस्त करून देतो.

गुरुवारी आम्ही अजून जातो. लाईलची खुर्ची रिकामी ठेवतात, मग वेटर त्यावर कोट ठेवतो. लोक आता मोजत नाहीत, कारण आम्ही दोन सामने जिंकलो.

नवा सेंटर बावीस वर्षांचा आहे. हात चांगला आहे. मी त्याला पाव वळशाचं सांगायला गेलो तर त्याला ते येत होतं. दर वेळी टाके बरोबर माझ्या बोटांखाली येतात, आणि मी सवयीनं चेंडू फिरवतो. मग ते कुठेच नसतात. रविवारी असं नऊ वेळा झालं.

तुम्ही मोजलं असेलच.

ग्रेडी स्टॅनफिल